तीन वेळा ओढलेलं बटण

किसनराव मास्तरांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी लेख लिहा आणि पहिल्या ओळखीपासून सुरुवात करा, असं मला समितीने सांगितलं आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमचे मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. अंबडच्या बाजारपेठेत उभं आयुष्य शिवणयंत्रावर घालवलेले ते टेलर मास्तर. मी गयाबाई, त्यांच्या दुकानात काज-बटण करणारी. सातवीपर्यंत शिकले आहे, अक्षर बरं आहे, तोंड मात्र फटकळ आहे. या ग्रंथात वकील लिहिणार, डॉक्टर लिहिणार, त्यांच्या पंगतीत मला कुठे बसवता, असं मी समितीच्या चिटणीस गुरुजींना विचारलं होतं. ते म्हणाले, "मास्तरांचं खरं काम तुमच्या हाताखालून गेलंय, तुम्हीच लिहा." आता गुरुजींनीच गळ घातली आहे, तेव्हा या लेखात त्यांच्या एका शर्टाची गोष्ट आली तर त्यांनी रागावू नये.

माझी आणि मास्तरांची ओळख सत्तरचं दशक लागलं त्या सुमाराची. नवऱ्याने टाकल्यावर मी मुलीला घेऊन अंबडला भावाकडे राहायला आले होते. भाऊ चांगला, भावजयही वाईट नाही. पण भावाच्या घरात हाताला काम असलेली बहीण वेगळी आणि रिकामी बहीण वेगळी, हे ज्या बाया त्यातून गेल्या आहेत त्यांना समजावून सांगायला नको. माझ्या ताटात भाकरी वाढताना भावजय कधी बोलली नाही, फक्त तिचा हात जरा थांबायचा. एका जुन्या चिंधीवर चार काजं केली, चार बटणं लावली आणि ती चिंधी घेऊन मी बाजारात निघाले. दोन दुकानदारांनी आमच्या वस्तीचं नाव ऐकून चिंधी हातातसुद्धा घेतली नाही. तिसरं दुकान मास्तरांचं होतं.

मास्तरांनी चिंधी उजेडाकडे धरून काजं पाहिली. मग एकेक बटण तीन वेळा ओढलं. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा आडवं, तिसऱ्यांदा पिळून. ही त्यांची जन्माची सवय. तीन वेळा ओढल्याशिवाय त्यांच्या दुकानातून एकही बटण बाहेर पडलेलं नाही. चिंधी परत देत ते म्हणाले, "बराबर हाय. उद्यापासून या. आन् उंबऱ्याच्या बाहेर बसू नका, आत बसा. आत उजेड चांगला हाय."

उजेड खरं तर बाहेरच जास्त होता. ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. बाजारात मला 'तुम्ही' म्हणणारे ते पहिलेच. पुढे एका गिऱ्हाइकाने माझ्याकडे बोट करून, "मास्तर, ह्या बाई कोणाच्या?" असं विचारलं, तेव्हा मास्तर मशीनवरून मान वर न करता "दुकानाच्या" एवढंच म्हणाले. त्यानंतर तो प्रश्न कोणी विचारला नाही.

दोनेक वर्षं सुखाची गेली. मग एका सुगीत चार दिवस मजुरीला म्हणून मी शेतावर गेले आणि कडबा कापायच्या यंत्रात माझ्या डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. उजवा हात धडधाकट होता, पण बटण लावायला दोन हात लागतात. एकाने कापडावर बटण धरायचं, दुसऱ्याने सुई चालवायची. जखम भरल्यावर मी दुकानात जाऊन बसले. एक बटण लावायला पूर्वी दहा बटणांना लागायचा तेवढा वेळ लागला, आणि मास्तरांनी ओढताच ते पहिल्याच ओढीला हातात आलं. घरी आले तेव्हा भावजयने विचारलं, "जमंना का?" मी म्हणाले, "जमून राह्यलंय." बिलकुल खोटं बोलले. काम गेलं की मुलीची शाळा जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आठ दिवस मास्तर माझी धडपड पाहत होते. नवव्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे साबणाच्या वडीएवढा एक लाकडी ठोकळा ठेवला. ठोकळ्यात मधोमध बारीकशी खाच होती. सोबत केसांच्या आकड्यासारख्या दोन पायांच्या, तारेच्या छोट्या छोट्या पिना होत्या.

"पिन खाचंत उलटी बसवा, पाय वर," मास्तर म्हणाले. "आता बटण पालथं टाका, दोन पाय दोन भोकांतून वर येतेत. वरून कापड दाबा. मागून हे लेंग्याचं बारकं बटण टाका. आता चमच्याच्या पाठीनं पाय आतल्या बाजूला मोडा."

मी एका हाताने केलं. सुई नाही, दोरा नाही. ठोकळा धरायचं काम टेबलच करत होतं. बटण सुलटं करून पाहिलं तर शिवल्यासारखं बसलेलं. मास्तरांनी ते तीन वेळा ओढलं, वरून इस्त्री फिरवली, पुन्हा ओढलं. मी चारचौघांत रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी पदर डोळ्याला लावला. मास्तर मशीनकडे वळून जोरजोरात पाय मारू लागले, जणू काही जल्दीचं काम आलं होतं.

इथवर सगळ्या बाजारपेठेला माहीत आहे. पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ती पहिली पिन लोखंडी तारेची होती. मी बाईमाणूस आहे. धुण्याच्या बादलीत सेफ्टी पिन राहून गेली तर लुगड्यावर काय उमटतं, हे मला कोणी शिकवायला नको. मास्तरांनी जन्मभर कपडे शिवले, पण धुतले कधी नाहीत. घरी त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, धुवायच्या, आणि दुकानात यायचं ते कोरं कापड. बटण ओढून पाहायचं त्यांना सुचलं, इस्त्री फिरवायचं सुचलं, पाण्यात बुडवायचं सुचलं नाही. मला मात्र पिन हातात घेतल्या घेतल्या दिसलं की ही गंजणार. दिसलं, आणि मी मूग गिळून बसले. पिन वाया गेली की मी वाया गेले, एवढंच डोक्यात होतं. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. त्या दिवशी मात्र अख्खी जीभ गिळली.

पहिल्या पिना बसल्या त्या गुरुजींच्या पांढऱ्या शर्टाला. हेच आजचे चिटणीस गुरुजी. पंधरा दिवसांनी ते शर्ट कागदात गुंडाळून घेऊन आले. पुढच्या पट्टीवर एकाखाली एक सहा तपकिरी डाग. गुरुजी सौम्य माणूस, आवाज न चढवता म्हणाले, "मास्तर, शाळंत तपासणीला साहेब आल्ते. हे घालून मी त्यांच्यासमोर उभा होतो."

मास्तरांनी शर्ट हातात घेतला, डागांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "चूक माझी हाय, गुरुजी." बस. तारेला दोष दिला नाही, मला दिला नाही. त्याच दिवशी पदरचं कापड घालून त्यांनी नवा शर्ट बेतला, आणि त्याची बटणं स्वतः सुईदोऱ्याने लावली. मी शेजारी बसून पाहत होते. सुई कापडातून वर यायची आणि मला वाटायचं, संपलं आपलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाऊल टाकलं ते निरोप घ्यायच्या तयारीने. मास्तरांनी वेगळ्या तारेच्या सहा पिना माझ्यापुढे ठेवल्या.

"गयाबाई, मला ओढणं कळतं, इस्त्री कळती. धुणं कळत न्हाई, ते तुमचं काम. आजपासून कोणतीबी नवी पिन आधी तुमच्या घरी पंधरा दिवस धुवायची. तुम्ही बराबर म्हणलं तंच गिऱ्हाइकाला. तुम्ही न्हाई म्हणलं तं न्हाई."

"आन् न्हाई म्हणलं तं माझं काम?" मी विचारलं.

"काम हायच. दुसरी तार पाहू."

त्यानंतर मी त्यांना तीनदा 'न्हाई' म्हणाले. पहिल्यांदा जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेला. ती तार साबणात पांढरी पिठूळ पडली. ते मी मान खाली घालून पुटपुटत सांगितलं. मास्तरांनी तारेचं वेटोळं उचलून कोपऱ्यात टाकलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलं." दुसऱ्यांदा पितळी तारेला नाही म्हणाले, ती पाय मोडताना तुटायची. तिसऱ्यांदा पितळीच, पण भट्टीत मऊ करून आणलेल्या तारेला. ती तुटली नाही, तरी घामाने हिरवी पडली. तोवर माझा आवाज बाजारपेठेच्या त्या टोकाला ऐकू जाईल इतका मोकळा झाला होता. मग मास्तर एस.टी.ने जालन्याला गेले आणि स्टेशनजवळच्या मोटारी भरायच्या दुकानातून तांब्याच्या तारेचे उरलेले तुकडे घेऊन आले. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की त्यांत भरतात ती, वरून लाखेसारखा मुलामा असलेली तार. मी ती धुतली, दगडावर आपटली, निळीत बुडवली, उन्हात टाकली. महिनाभराने सांगितलं, "बराबर हाय." आजही आमची पिन त्याच तारेची आहे. माझी मुलगी यंदा अंबडच्या शाळेत दहावीला बसली आहे, हेही इथे लिहून ठेवते.

पिनेचं नाव झालं तसे जालन्याचे एक तयार कपड्यांचे व्यापारी मोटारसायकलवरून दुकानात आले. अशा पिना पोत्याने करा, म्हणजे बटणवाल्या बाया ठेवायलाच नकोत, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी त्यांना चहा पाजला. मग म्हणाले, "शेठ, ज्याला सुई धरता येत न्हाई त्याच्यासाठी हे केलंय. जिला धरता येती तिच्या हातची सुई काढायला न्हाई." शेठजी चहा संपवून गेले. त्याच आठवड्यात मंठ्याचे एक हात गमावलेले निवृत्त जवान ठोकळा मागायला आले, तर मास्तरांनी दिवसभर हातातलं काम बाजूला ठेवून त्यांना शिकवलं, आणि ठोकळा तसाच देऊन टाकला. असे किती ठोकळे त्यांनी वाटले, ते त्यांनाही सांगता येणार नाही.

आता या महिन्यातली गोष्ट. वर्षभर झालं, मास्तरांचा हात थोडा थरथरतो. सुईत दोरा जात नाही. सत्काराला घालायचा कोट समितीने शिवून घेतला, पण बटणं पिनेचीच हवीत आणि गयाबाईंनीच लावावीत, असा मास्तरांचा हट्ट. परवा दुपारी मी दुकानात बसून पहिलं बटण लावलं आणि कोट त्यांच्यापुढे धरला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. इतकी वर्षं खवखवत होतं ते त्या घटकेला बाहेर आलं.

"मास्तर, गुरुजींच्या त्या शर्टाला गंज चढंल, हे मला आधीच ठाऊक होतं. मी बोलले न्हाई."

मास्तरांनी बटण सरळ ओढलं. "ते मला त्याच दिवशी कळलं," ते म्हणाले.

"कसं काय?"

त्यांनी बटण आडवं ओढलं. "डाग पाहून मी दचकलो. तुम्ही न्हाई दचकल्या."

"मंग इतकी वर्षं मला बोलले का न्हाई?"

त्यांनी बटण पिळून ओढलं. हात थरथरत होता, बटण हललं नाही. "तुम्ही भिऊन गप बसल्या होत्या, बाई. बोललो असतो तं अजून भेल्या असत्या. तुम्हाला माझ्यासमोर न्हाई म्हणता आलं पाहिजे, एवढंच मला पाहिजे होतं. म्हणून धुणं तुमच्याकडं दिलं." मग कोट माझ्याकडे सरकवत म्हणाले, "हे बराबर लागलंय. दुसरं घ्या."

त्यानंतरची बटणं मी कशी लावली ते माझं मला माहीत. कापड नीट दिसत नव्हतं, पण एकही बटण सैल बसलं नाही.

गुरुजी, तुमच्या शर्टाची माफी मी या ग्रंथात, सगळ्यांच्या देखत मागते. आणि मास्तर, आमच्याकडे मोठ्यांना आशीर्वाद द्यायची रीत नाही, म्हणून आज शेवटचं 'न्हाई' म्हणून घेते. साठीला थांबायचं न्हाई. तब्येत सांभाळायची, काकूंनी दिलेलं औषध वेळेवर घ्यायचं. पंच्याहत्तरीला तुम्हाला नवा कोट लागेल. त्याची बटणं मीच लावणार आहे, आणि ती तीन वेळा ओढून पाहायला तुम्हालाच यावं लागेल.