प्लासिडचे विमानाचे बुश

उमेळ्याचा प्लासिड वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात लेथवर काम करतो. सहा वर्षांपूर्वी त्या गाळ्याला सैन्याच्या एका विमानतळाची ऑर्डर मिळाली: पितळी बुश, नग चाळीस. बुश म्हणजे चाकाच्या भोकात बसते ती छोटी नळी. काम चार दिवसांत संपलं. प्लासिडचं बोलणं मात्र संपेना.

"आपल्या हातचं विमानाला लागतं," हे तो बाप्तिस्म्याला सांगे, लग्नात सांगे, मयताला गेला तरी दबक्या आवाजात सांगे. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. विमानाला नेमकं कुठे लागतं, हे कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगण्याइतका तो भोळा नव्हता. शेजारचा स्टॅनी चिडवायला 'एरोप्लेन' म्हणे, तेही त्याला मानपत्रासारखं वाटे.

मग एका सकाळी टीव्हीवर बातमी आली. समुद्रावर गस्त घालणारं सैन्याचं विमान उडालं आणि दोन मिनिटांत कोसळलं. आतले पाचही जण गेले.

त्याच्या बायकोनं, कार्मिननं, चहाचं पातेलं तसंच खाली उतरवलं. "अहो, तुमचं त्यात काही नव्हतं ना?"

उत्तर प्लासिडला ठाऊक होतं. ते बुश विमानात चढायच्या शिडीच्या चाकांचे होते, आणि शिडी जमिनीवरच राहते. पण हे बोलायचं म्हणजे सहा वर्षं हवेत ठेवलेला माणूस एका वाक्यात खाली उतरवायचा. त्यानं चेहरा गंभीर केला. "चौकशी होईल," म्हणाला. म्हणताना बरंही वाटलं. पाच माणसं गेली होती आणि हे गाढव आपलं वजन वाढवत होतं.

कार्मिन दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या संध्याकाळी गावच्या क्रुसाजवळ माळेची प्रार्थना होती. तिथे ज्यानं त्यानं आपली प्रार्थना कोणासाठी, तो हेतू मोठ्यानं सांगायचा. कार्मिन उभी राहिली.

"त्या पाच जणांच्या आत्म्यांसाठी. आणि माझ्या नवऱ्याच्या हातांसाठी. काही चुकलं असेल, तर देवानं क्षमा करावी."

सगळ्या माना वळल्या.

"शिडीचे होते," प्लासिड पुटपुटला.

"काय?" कार्मिननं विचारलं.

"बुश. शिडीच्या चाकांचे. विमान निघायच्या आधी ती बाजूला ढकलतात. माझं काहीच उडत नाही."

स्टॅनीला राहवलं नाही. "अरे, म्हणजे आम्ही इतकी वर्षं शिडीला एरोप्लेन म्हणत होतो!"

"आणि माझ्या भाचीच्या लग्नात माईक घेऊन सांगितलंत ते?" कार्मिन ओरडली. "दोन दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली!" मग तिचा आवाज खाली आला. "ते पाच जण तुमच्याच शिडीवरून चढले असतील?"

'माझ्याच' हा शब्द प्लासिडच्या ओठांपर्यंत आला. सवयच तशी.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "शिड्या पुष्कळ असतात."

कार्मिननं माळ त्याच्या हातात दिली. "सुरू करा."