कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर

"हात दाखवा."

आमचे विभागप्रमुख कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात आडवे उभे. समोर माझी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची पोरं, ओळीनं, अनवाणी. त्यांनी एकेकाला तळवे उलटसुलट करायला लावले. लांबूनच बघितले. मग माझ्याकडं वळले.

"तुम्ही पण दाखवा, मास्तर."

बाकीच्या प्राध्यापकांना ते सर म्हणायचे. मला मास्तर. पोरांनी माना खाली घातल्या. आणि माझे मेले हात आपोआप अर्धे वर आले. निपाणीजवळच्या आमच्या गावात शाळेतले गुरुजी पाण्याच्या हंड्याजवळ फक्त बौद्ध वस्तीतल्या पोरांचेच हात बघायचे. तेव्हाची सवय. पदव्या मिळाल्या, बेळगावात नोकरी लागली, तरी हात विसरले नव्हते.

झालं होतं असं. दसऱ्याची सुट्टी संपली, कॉलेज उघडलं, आणि कॉम्प्युटरची काही बटनं दाबली जाईनात. सुट्टीआधी त्याच्यावर शेवटी कोण बसलं होतं? माझी पोरं. संपलं! चौकशीची गरजच न्हाय.

ऐंशीनंतरची गोष्ट. कॉलेजात एकच कॉम्प्युटर, टीव्हीएवढा पडदा आणि पुढं बटनांची पट्टी. बाकीचे लोक त्याला भ्यायचे. मी भौतिक रसायनशास्त्र शिकवायचो. फळ्यावरची सूत्रं उतरवून पोरं नुसती माना डोलवायची, डोक्यात काय शिरायचं न्हाय. म्हणून मी प्रत्येक गटाला एक प्रकल्प दिला. छोटा प्रोग्रॅम लिहायचा. वायूचं तापमान उतरवत न्यायचं, जागा कमी करायची, दाब किती येतो बघायचं. एकदा पुस्तकातल्या आदर्श वायूचा, एकदा खऱ्या वायूचा. काकतीची सुशीला, शेतात राबणाऱ्या घरातली, पडद्यावरचे आकडे बघून ओरडली होती, "सर, पुस्तकातला गॅस लई शहाणा हाय! खरा गॅस तसा वागंना की वो!" वर्ग हसला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. वर्षभर फळ्यावर डोकं फोडून जे जमलं नसतं ते पोरीनं स्वतःच्या बोटांनी काढलं होतं.

आणि आता तीच बोटं तपासली जात होती.

मी संशयी माणूस. कुणी चहा पाजला तरी कप कुठला दिलाय ते आधी बघतो. पण संशयाला आधार होता. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या तराजूपासनं सगळ्यांची पूजा झाली, कॉम्प्युटरचीही. "खोली लहान आहे, तुम्ही बाहेरच थांबा," असं मला सांगितलं होतं. आत सगळा विभाग मावला. मी दारातनं बघत होतो. प्रमुखांनी ओल्या बोटांनी बटनांच्या पट्टीवर हळदकुंकू वाहिलं, वर टेबलावरच नारळ फोडला.

"हात खाली घ्या रं सगळ्यांनी," मी म्हणालो.

आवाज माझाच होता, पण मलाच अनोळखी वाटला. प्रमुखांच्या बगलेतनं आत शिरलो. चपलांसकट. अडकलेलं एक बटन नखानं उचकटून काढलं. खाली लालभडक चिखल वाळला होता.

"हे कुणाच्या हाताचं?" मी विचारलं.

ते शांतपणे म्हणाले, "कुंकवानं काही होत नसतं. घामानं होतं."

एका प्राध्यापकानं माझ्या कानात सांगितलं, "जाऊ दे रे, सॉरी म्हण आणि मिटव." हा माणूस माझ्याशी गोड बोलायचा. त्या दिवसापासनं त्याच्या गोड बोलण्यावरचाही विश्वास उडाला.

बटनं साफ झाली. मग प्रमुखांनी तोडगा काढला. पोरांनी प्रोग्रॅम कागदावर लिहून द्यायचे, टाईप दुसरा माणूस करील. म्हणजे चूक त्याची, आणि नाव खराब माझ्या पोरांचं. हे मला लगेच कळलं.

"पोरं स्वतः बसणार," मी म्हणालो. "न्हायतर युनिव्हर्सिटीचे लोक प्रकल्प बघायला येतील तेव्हा इथं दाखवायला काहीच नसेल. का नाही, ते मीच त्यांना सांगीन."

ते बाजूला झाले. मन बदललं म्हणून नव्हे, पाहुणे येणार होते म्हणून. मला त्यात काडीचाही संशय नाही.

सुशीला खुर्चीत बसली. बटनांना बोट लावायच्या आधी तिनं दोन्ही हात पदराला पुसले. माझ्या अंगाचा भडका उडाला.

"पुसू नको!" मी ओरडलोच. "कशाला पुसतीस?"

ती दचकली. मग तसेच हात बटनांवर ठेवले. प्रमुख दारातनं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून मी तिथंच उभा राहिलो, आणि मनाशी पक्कं केलं. इथनं पुढं माझ्या पोरांचे हात कुणी तपासायचे न्हाईत. जो येईल, त्यानं आधी स्वतःचे दाखवायचे.