जास्तीचा पाटा

गाडी कशी चालते यापेक्षा ती मागून कशी दिसते, याची आमच्या घरातल्या पुरुषांना जास्त काळजी.

जुनी जीप आहे आमची. हळदीची पोती वाहून वाहून तिच्या मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे लोखंडी पाटे पार बसले होते. उभी असली तरी ती दमलेल्या म्हशीसारखी मागे टेकलेली दिसायची आणि नवऱ्याला ते फार लागायचं. कनेरगाव नाक्यावरच्या मिस्त्रीने सरळ सांगितलं होतं की पाटे, बुश, शॉकअप, सगळं झिजलंय, सगळं बदला. पण मिस्त्रीचं ऐकलं तर आमच्या घरच्या तज्ज्ञांनी काय करायचं? चुलत सासरे, नणंदेचे यजमान आणि नवरा असे तिघे चहा पीत बसले आणि ठरवलं की ट्रकचा एक जाड पाटा जास्तीचा टाकायचा. "गाडी मागून उठली पाह्यजे," चुलत सासरे म्हणाले.

उठली. इतकी उठली की पुढे तोंडघशी पडेल असं वाटावं. पोती भरून हिंगोलीच्या मोंढ्याला हळद विकायला जाताना ती बरी चालायची, पण रिकामी परतताना खड्ड्यागणिक उडायची. एकदा माझं डोकं टपावर आपटलं तर नवरा म्हणाला, "तुला बसताच येत न्हाई."

मग हिंगोलीला सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याने त्यांना कित्येक वर्षं दिसत नव्हतं. उरलेला हा एवढाच. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, डोक्याला धक्का बसू देऊ नका, नाहीतर हाही जाईल. मी म्हटलं, भाड्याची चांगली गाडी करू. नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घरची गाडी असून आईला भाड्याच्या गाडीत काहून न्यायचं? लोक काय म्हनतील?" आईचा डोळा जायची वेळ आणि या माणसाला लोकांची चिंता!

गंमत म्हणजे भेटायला आलेल्या दोन्ही तज्ज्ञांना परतताना त्या गाडीत बसायचं नव्हतं. चुलत सासऱ्यांची कंबर अचानक दुखायला लागली, त्यांना एसटी हवी होती. नणंदेच्या यजमानांना बाजारात काम निघालं. नवराही म्हणाला, गाडी धाकटा भाऊ चालवेल, मी कोणाच्या तरी मोटारसायकलवर येतो.

चुलत सासऱ्यांना तोंडावर बोलायची सोय नव्हती. म्हणून मी पदर सावरून नवऱ्यालाच सांगितलं, पण दवाखान्याच्या फाटकाशी पोचलेल्या त्या दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "रिकामी गाडी उडती, भरलेली उडत न्हाई. आज पोती न्हाईत. तवा ज्यांनी पाटा टाकायला लावला त्यांनी मागं बसावं."

सासूबाई डोळ्याला पट्टी बांधून पुढे बसल्या होत्या. त्या नुसत्या म्हणाल्या, "बसा समदे." तिघेही गुमान मागे चढले.

दिराने गाडी बैलगाडीच्या चालीने आणली. मी शेजारी बसून सासूबाईंचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि खड्डा दिसला की दिराला आधीच सांगत होते. पण गाडी उडली नाही. अक्कल नसली तरी वजन आमच्या तज्ज्ञांकडे भरपूर. चाकांवरचे धक्के मात्र मागे त्यांनाच बसत होते, दर खड्ड्याला "आई गं", "मेलो रे" चालूच होतं. घरी उतरल्यावर चुलत सासरे भिंत धरून ओसरीपर्यंत गेले.

पुढे पट्टी निघाली. सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग उन्हात धरलेल्या स्वतःच्या हाताकडे. डोळा वाचला होता. मी आत जाऊन रडले.

त्याच आठवड्यात ओसरीवर पाहुणे आले आणि आमचा नवरा मिशीवरून हात फिरवत सांगू लागला, "एवढं ऑपरेशन झालेली आई, पन गाडीनं धक्का म्हून लागू दिला न्हाई. पाटाच तसा टाकलाय." चुलत सासरे मान डोलवत होते. या निर्लज्जपणाला काय म्हणावं ते मला आजही सुचत नाही.

सासूबाई उंबऱ्यात येऊन थांबल्या आणि त्यांनी त्या एका डोळ्याने दोघांकडे नीट बघितलं.

"पट्टी माझ्या डोळ्याला व्हती," त्या म्हणाल्या, "कानाला न्हवती. हिंगोलीपसून घरापर्यंत कोन कोन रडून राहिलं व्हतं, सांगू का पाव्हन्यांना?"

दुसऱ्या दिवशी गाडी नाक्यावर गेली आणि पाटे, बुश, शॉकअप, सगळं नवं घालून आली. ती बरी झाली का हे बघायला निघताना सासूबाईंनी मला पुढे घेतलं आणि लेकाला मागे बसवलं.