खांबावरचं पाणी

पंचगंगेवरच्या एका बंधाऱ्याच्या खांबावर फुटाचे आकडे रंगवलेत. रोज सकाळी आठला तो आकडा वाचायचा आणि कोल्हापूरच्या पाटबंधारे ऑफिसला कळवायचा, हे काम गणपतराव चौगुले एकतीस वर्षं करतायत. काम किरकोळ वाटेल, पण पुराच्या दिवसांत अख्खं गाव त्यांच्या तोंडाकडं बघतं. "जनावरं हलवू का?" म्हणून लोक विचारतात, आणि ते "न्हाय, दुपारपतोर पाणी थांबतंय" म्हणाले की माणसं निवांत चहा पितात. या मानाचा त्यांना थोडा माजही होता, उगाच खोटं कशाला सांगा.

पूर बघायला जाणं हा कोल्हापूरकराचा जुना शौक. घरात पाणी शिरायची भीती असली तरी माणसं पोराबाळांसकट नदीवर हजर. गणपतरावांनी आपल्या एकुलत्या एक पोरीला, क्रांतीला, ती वर्षाची असल्यापासून खांद्यावर बसवून पूर दाखवला. शाळेत जायच्या आधी आकडे ती त्या खांबावर शिकली.

तीच क्रांती डॉक्टर व्हायला फिलिपिन्सला गेली. समुद्राकाठचं लहानसं शहर, तिथं कॉलेज. पहिल्याच महिन्यात जमीन हलली तेव्हा तिनं फोनवर बापाची शिकवणी घेतली.

"आण्णा, हितं समुद्राच्या तळाचा खडक बेटांच्या खाली घुसतोय. म्हणून तर ही बेटं अशी विळ्यासारखी वाकड्या रांगेत उठल्यात. मधनं मधनं ज्वालामुखी."

"किती घुसतोय?" मोजमापाशिवाय त्यांचं समाधान होत नसे.

"वरसाला चार-पाच बोटं."

"मग रोज का हलत न्हाय?"

"अडकून बसतंय की. वरच्या खडकाचा काठबी संगं खाली वढला जातोय. मग एक दिवस सुटतंय."

हे गणपतरावांना लगेच पटलं. पाणी अडवायला बंधाऱ्याच्या खांबांमधल्या खाचेत बसवलेली फळी फुगून अशीच अडकते, आणि सुटली की खालचं पाणी वर उसळतं. "मग समुद्राच्या पाण्याचं काय हुतंय?" त्यांनी विचारलं, पण तिचा तास सुरू झाला आणि तो प्रश्न तसाच राहिला.

भूकंप या घराला नवा नव्हता. कोयनेकडचे धक्के इथं अधूनमधून जाणवतात, आणि घरात त्याची पारख ठरलेली: मांडणीवरची भांडी पडली तर मोठा, नुसती वाजली तर सोडून द्यायचा. क्रांती हीच पारख सोबत घेऊन गेली होती.

तिसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत एका सकाळी गणपतराव बंधाऱ्यावर पोचले आणि तिचा व्हिडिओ कॉल आला.

"आण्णा, पंधरा मिनटं झाली, हाललं बघा. लई येळ हाललं, पर हळूहळू. भांडंसुदिक पडलं न्हाय. आन् ह्यो समुद्र बघा की! मागं गेलाय पार!"

किनाऱ्यावर होड्या चिखलात कलंडल्या होत्या. पोरं फोटो काढत होती. क्रांतीची खोलीतली मैत्रीण, पेठ वडगावची पूर्णिमा, हसत हात हलवत होती. एक बाई टोपलीत मासे वेचत होती. गणपतरावांचं लक्ष मात्र होड्या लागायच्या धक्क्याच्या खांबांकडं गेलं. खांबांवर फूटभर अंतरानं पट्टे होते. मग काय, राहवलंच नाही.

"खांबापाशी जा की जरा. पाणी कुठं हाय दिसू दे."

ती चिखलातून पुढं गेली आणि तिनं फोन धरला. गणपतरावांनी पट्टा वाचला. त्यांनी नीट बघेपर्यंत पाणी त्याच्या खाली गेलं होतं. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. नदी कितीही घाईनं ओसरली तरी बोटाबोटानं ओसरते; असं पाणी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तिच्या पहिल्या महिन्यात राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना समोर दिसलं. खाली फळी सुटली होती, आणि गेलेलं पाणी परत येणार होतं.

"क्रांते, पळ! डोंगराकडं पळ! पूर्णिमेला वढ! मागं बघू नगंस!"

पडद्यावर आभाळ दिसलं, चिखल दिसला, मग काहीच दिसेना.

त्या दिवशी एकतीस वर्षांत पहिल्यांदा आकडा कळवायचा राहिला. ऑफिसचा फोन वाजत राहिला. बायको, शालूबाई, धावत आली, विचारत राहिली, पण हे परत परत क्रांतीचा नंबर लावत राहिले. दोन तासांनी मेसेज आला: दोघी वर आहोत. होड्यांचा धक्का वाहून गेला. मासे वेचणारी बाई वर आली नाही.

मे महिन्यात क्रांती सुट्टीला आली आणि गावानं गणपतरावांचा सत्कार ठरवला. फेटा, नारळ, शाल, आणि हाताएवढ्या अक्षरांचा बॅनर. सातासमुद्रापलीकडचं पाणी ज्यानं घरबसल्या ओळखलं असा माणूस आपल्या गावात आहे, असं सरपंच अमरसिंह म्हणाले. टाळ्या थांबता थांबेनात. मग माईक गणपतरावांच्या हातात आला.

"मी पोरीला पळ म्हणालो, ही खरं हाय," ते म्हणाले. "पर त्येच्या आदी म्या तिला म्होरं जा म्हणालतो. मला आकडा वाचायचा हुता. ती बाई तितंच हुती. तिला मी बघितलंबी हुतं. पूर्णिमेला वढ म्हणालो, त्या बाईला सांग म्हणून न्हाय निघालं तोंडातनं."

क्रांती उठून व्यासपीठावर गेली. बापाचा हात धरून, त्यांची समजूत घालायला, ती म्हणाली:

"आण्णा, तुमी म्हणाला नसतासा तरी मी गेलोच असतो की. पाणी आलं की बघायला जायाचं, ही तुमीच खांद्यावर घिऊन शिकवलासा न्हवं?"

गणपतरावांनी फेटा उतरवून टेबलावर ठेवला आणि ते तिथंच खाली बसले.