माघातला मुहूर्त आणि पिवळा बल्ब

माणूस कोणत्या उजेडाने वाट चालायची ठरवतो, त्यावरून त्याची ओळख पटते. माझी ओळख ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात पटली. शेजारचं गिऱ्हाईक ब्रेकची वायर मागत होतं, आणि मुळात माझ्या मोटरसायकलच्या पुढच्या दिव्याचा जुना बल्ब उडाला नसता तर प्रकाशाविषयी मी काहीच विचार केला नसता.

दुकानदाराने काउंटरवर तीन बल्ब ठेवले. एक झगझगीत पांढरा, एक निळसर, आणि एक पिवळा. पिवळ्याच्या डबीवरची धूळ त्याने आधी फुंकली.

माझ्याबरोबर भाऊजी होते, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या मुलीचं, माझ्या भाचीचं, लग्न ठरलं होतं, आणि आम्ही दोघे माझ्या मोटरसायकलवरून पत्रिका वाटत फिरत होतो. भाऊजींचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले. आमचेही आले, पण आमच्या घरात त्याची आठवण म्हणून एक पितळी परात आहे. भाऊजींच्या घरात त्याची आठवण म्हणून भाऊजी आहेत. पत्रिकेत वधूच्या नावाआधी पूर्वजांच्या पदव्या इतक्या होत्या की घाईत वाचणाऱ्याला एखाद्या सरदाराचंच लग्न आहे असं वाटावं.

"पांढरा घ्या, मेव्हणे," ते म्हणाले. "लग्नघरची गाडी आहे. पिवळा लावलात तर भाजीचा टेम्पो वाटेल."

"बाबूजी, पीला तो अब ट्रकवाले भी नहीं लेते," दुकानदाराने दुजोरा दिला.

मी पिवळा घेतला. थोडा हट्ट होता, हे खरं. पण मागच्या हिवाळ्यात उसन्या पांढऱ्या दिव्याने मी धुक्यात गाडी चालवली होती, आणि सगळा उजेड परत माझ्याच तोंडावर आला होता. चुन्याच्या भिंतीवर टॉर्च मारावा तसा. पिवळ्याने खरंच जास्त दिसतं का, यावर जाणकारांचं एकमत नाही असं मी वाचलं आहे. लिहिणारे बहुधा चंबळच्या अलीकडे कधी जानेवारीत आले नसावेत.

घरी आल्यावर भाचीने दिवा लावून पाहिला. "मामा, ये क्या! माझ्याआधी गाडीला हळद लागली?"

"तुझी उष्टी हळद नवऱ्याकडून येईल, हिची आपली दुकानातून आली," मी म्हणालो. त्यानंतर पंधरवडाभर घरात माझ्या मोटरसायकलचा उल्लेख 'धाकटी नवरी' असा होत राहिला.

आता मुहूर्ताविषयी. ग्वाल्हेरमध्ये सगळं जग रात्री लग्न करतं. फक्त आम्ही मराठी माणसं सकाळी करतो, कारण आमचं पंचांग दक्षिणेतून येतं, आणि तिकडे सकाळी माणसाला समोरचा माणूस दिसतो. भाचीचा मुहूर्त माघातला, सकाळी साडेआठच्या सुमाराचा. भाऊजींनी झाशी रोडवरचं एक भलंमोठं मॅरेज गार्डन ठरवलं. तिथला मॅनेजर वेळ ऐकून गोंधळला.

"सुबह? सुबह तो हम रातवाली शादी का झाडू लगाते हैं, सर."

"आमच्यात सकाळीच असतं," भाऊजी म्हणाले, आणि त्याला पूर्वजांविषयी थोडी माहिती दिली.

वरपक्ष साताऱ्याकडचा. ते आदल्या दिवशीच येऊन गार्डनमधल्या खोल्यांत उतरले होते. त्यांची परतीची गाडी दुपारची होती, आणि गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे पुढचा मुहूर्त संध्याकाळचा. म्हणजे सकाळची वेळ टळली तर भाचीला संध्याकाळी लग्न करावं लागणार होतं, आणि तेव्हा तिच्या सासरची माणसं भोपाळच्या पुढे पोचलेली असणार होती. मुलाच्या आईने मुहूर्ताबाबत आधीच बजावून ठेवलं होतं. विहीणबाई हसून बजावत, ते जास्त लागे.

लग्नाच्या दिवशी शिंदे की छावनीतल्या भाऊजींच्या घरात उजाडलं, असं घड्याळाने सांगितलं. खिडकीतून काही कळत नव्हतं. नवरीला सजवायला येणारी पार्लरवाली धुक्यामुळे उशिरा आली, आणि उशिरा आली म्हणून घाई करायला तिने साफ नकार दिला. नवरी तयार होऊन, गजरा माळून, फुलांनी मढवलेल्या पांढऱ्या मोटारीत बसली, तेव्हा गुरुजींचा पहिला फोन येऊन गेला होता. "गौरीहराची मांडणी झाली आहे, फक्त मुलगी नाही," असं ते म्हणाले.

मोटार भाऊजींनी खास मागवली होती. तिला पुढे इतके एलईडी होते की ती उभी असतानाही घाईत आहे असं वाटे. ड्रायव्हरने सगळे दिवे लावले, कोपऱ्यापर्यंत नेली, आणि थांबवली.

"साहब, आगे दीवार है."

भिंत नव्हती. त्याचाच उजेड होता.

ताई मागच्या सीटवरून ओरडली, "अरे, काहीतरी करा कोणीतरी!" हे 'कोणीतरी' आमच्या घरात नेहमी माझ्याकडे बघून म्हणतात. मी मुलीचा मामा. मुलीला मांडवात आणायचं आणि अंतरपाटापाशी तिच्या मागे उभं राहायचं ते मामाने. ती वाटेतच अडकली तर मला मागे उभं राहायला कोणी नव्हतं.

मी मोटरसायकल काढली. "मी पुढे होतो," ड्रायव्हरला म्हणालो. "सब बत्ती डिपर पे करो. मेरी लाल बत्ती देखो, और कुछ मत देखो."

एक अडचण होती. माझ्या डोक्यावर फेटा होता. तो बांधायला पहाटे खास माणूस आला होता, आणि फेट्यावर हेल्मेट बसत नाही. मी फेटा उचलून मोटारीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवला.

भाऊजींना ते सहन झालं नाही. "मुलीचा मामा हेल्मेट घालून पुढे? अहो, आमचे पूर्वज घोड्यावर—"

"त्यांना समोरून डंपर येत नव्हता, भाऊजी."

"पापा, आप बैठो ना गाडी में!" नवरी खिडकीतून म्हणाली. मग मला, "मामा, टेन्शन मत लो. हळू चालव, पण थांबू नकोस."

आम्ही निघालो. पिवळ्या उजेडात रस्ता दिसला असं म्हणणं फुशारकीचं होईल. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी दिसली. ती पुढे चार-पाच हातांपर्यंत दिसायची, मग पुढचे चार-पाच हात. तिच्यापलीकडे ग्वाल्हेर होतं की नव्हतं, याच्याशी मला देणंघेणं उरलं नाही. पट्टी संपली की चौक, चौकात चहाच्या टपरीची शेगडी, मग पुन्हा पट्टी. एका ठिकाणी पट्टीवर एक म्हैस उभी होती. पिवळ्या उजेडात ती आधी डोळे, मग शिंगं, मग म्हैस अशा क्रमाने आली. मी थांबलो, मागे मोटार थांबली, तिच्या मागे आणखी कोणीतरी थांबलं. म्हैस निघाली, तसे आम्ही निघालो.

शहर सुटल्यावर धुकं आणखी दाट झालं. रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या गाड्या एकामागून एक लागत होत्या. सगळ्यांचे मोठे पांढरे दिवे लागलेले, आणि सगळे आपापल्या भिंतीसमोर बसलेले. आम्ही त्यांच्या शेजारून, बैलगाडीच्या चालीने, गेलो. आयुष्यात मला अनेक वेगवान गोष्टींनी मागे टाकलं आहे. त्या सकाळी मी अनेक वेगवान गोष्टींना मागे टाकलं, आणि ते मला मनापासून आवडलं. मागून खिडकी उघडल्याचा आवाज आला आणि भाची ओरडली, "मामा, एक नंबर! ड्रायव्हर भैया बोल रहे हैं सब दिख रहा है!"

त्याला फक्त माझा लाल दिवा दिसत होता. पण मी सुधारणा केली नाही.

मॅरेज गार्डनची कमान आली ती आधी शहनाईच्या रूपात. मॅनेजरने फाटकावरच्या सगळ्या माळा पेटत्या ठेवल्या होत्या, आणि त्या पंचवीस पावलांवर येईपर्यंत कोणालाही दिसत नव्हत्या. विहीणबाई ओवाळणीचं ताट घेऊन फाटकात उभ्या होत्या. त्यांनी आधी मला पाहिलं, म्हणजे हेल्मेट आणि अंगरखा. त्यांनी ताट तसंच धरून ठेवलं. मागून फुलांची मोटार धुक्यातून बाहेर आली तेव्हा मात्र त्या मोठ्याने म्हणाल्या, "आली गं बाई, वेळेत आली!" आणि पहिल्यांदाच न बजावता हसल्या.

भाची गौरीहरापाशी जेमतेम टेकली असेल, तोच गुरुजींनी माइकवर सांगितलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मी डोक्यावर फेटा चढवला. तो कुठल्या बाजूने पुढे ठेवायचा हे मला अजून कळलेलं नाही. कपाळावर हेल्मेटचा वळ होता. भाचीने एकदा वर पाहिलं, ओठ दाबून हसू आवरलं, आणि माझा हात धरला. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, आणि शेवटच्या 'सावधान'ला घड्याळ जिथे असायला हवं होतं तिथेच होतं. अक्षता पडल्या. ताई रडली. भाऊजी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मेव्हणे, रक्तातच आहे हो ते." आमचं रक्त वेगळं आहे, पण एवढ्या आनंदात हिशेब कोण मांडणार? मला त्या दिवशी सरदार व्हायला काही हरकत नव्हती.

जेवणाच्या पंगतीत मात्र थोडी गर्दी वाटली. आमच्या मोटारीमागे लाल दिव्यांची माळ धरून वाटेत अडकलेल्या आणखी काही गाड्याही कमानीतून आत आल्या होत्या, आणि भाऊजींनी फाटकात उभं राहून प्रत्येकाला अत्तर लावलं होतं. त्यांतला एक गृहस्थ विम्याच्या कामाने झाशीच्या वाटेवरच्या डबरा गावाला निघाला होता. वरपक्षाला तो आमच्याकडचा वाटला, आम्हाला वरपक्षाकडचा. मठ्ठा त्याला फार आवडला. लग्नाच्या अल्बममध्ये तो नवरदेवाच्या उजव्या हाताला उभा आहे.