बोलायचे, जेवायचे, राहायचे

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि मी देवरूखच्या शाळेतली नोकरी सोडून मालगुंडला आले. नवरा मुंबईला कामाला. "थोडे दिवस बघ, मग काहीतरी करू," म्हणाला होता. ते थोडे दिवस संपेनात. सासूबाईंना कुशीवर वळवायचं, शौचाचं भांडं द्यायचं, पुसून घ्यायचं. घराबाहेर तासभर राहायची सोय नव्हती. घरबसल्या भाषांतराचं काम मिळेल, या आशेवर मी ऑनलाइन स्पॅनिश शिकायला लागले. रेंज फक्त मागच्या पडवीत यायची, म्हणून तिथे बसायचं.

एका दुपारी स्पॅनिशच्या बाईंनी नवा भूतकाळ शिकवायला काढला. बाई पुण्याच्या, माझ्याहून लहान. "एकदा घडून गेलं ते वेगळं," त्या म्हणाल्या. "हा काळ वरचेवर घडायचं त्याच्यासाठी. नियमित क्रियापदं सोपी आहेत. 'आर'वाल्यांना आबा लावा, 'एर' आणि 'इर'वाल्यांना ईआ."

आब्लाबा, कोमीआ, बिबीआ. बोलायचे, जेवायचे, राहायचे. मला चटकन कळलं. आपल्या मराठीत आहेच की हे.

"ताई, लहानपणी काय करायचात ते सांगा बघू."

मी सांगत गेले. मुलांना गणित शिकवायचे. मैत्रिणींबरोबर डबा खायचे. शाळेजवळ भाड्याच्या खोलीत राहायचे.

"रूपं अगदी बरोबर. पण मी लहानपणाचं विचारलं होतं. हे तर परवापरवाचं वाटतंय."

"नेटवर्क जातंय," म्हणून मी फोन बंद केला.

"कोनाशी बोलतेस गो एवढी?" आतून हाक आली.

मी आत गेले आणि जरा तुटकपणेच सांगितलं, पूर्वी नेहमी करायचो ते परक्या भाषेत कसं म्हणायचं, ते शिकतेय.

त्या वाशांकडे बघत होत्या. "मी मासळीची पाटी घेऊन पुळ्याच्या बाजारापर्यंत चालत जायची. त्या चालायचीला काय म्हनतात?"

"कामिनाबा."

"नि कोन दुसरी चालायची असली तर?"

"तरी कामिनाबाच. 'मी'ला आणि 'ती'ला रूप एकच."

त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटला. मग म्हणाल्या, "मला जरा बसव."

काखेत हात घालून मी त्यांना बसवलं, पाठीला उशा लावल्या. खिडकीतून शेजारच्या कुंपणाचा दगडी गडगा तेवढा दिसत होता. त्या तो डोळे भरून पाहत राहिल्या. इतके महिने माझा राग या बाईवर होता, आणि तिला गडगा बघायलासुद्धा माझी वाट बघावी लागत होती. राग गेला. पण मी जाणार कुठे, हा प्रश्न तसाच राहिला.

परीक्षा पास झाले. एका ठिकाणी भाषांतराचं काम होतं, पण पुण्यात ऑफिसला यावं लागेल म्हणाले. नवऱ्याला फोनवर सांगितलं.

"मे महिन्यात येतोय ना, तेव्हा बोलू."

तो आला. आंबे उतरवले, पेट्या भरल्या, आईजवळ बसला. निघायच्या दिवशी मी विचारलं, "त्या कामाचं काय करायचं?"

"आईला सोडून?" तो म्हणाला, आणि बॅगेची चेन लावली.