दोरीवरून उतरवलेल्या चान्या

तो राग अजून गेलेला नाही. आणीबाणीच्या आधीची गोष्ट.

जपानहून अजिंठा पाहायला आलेल्या एक शिक्षिका जालन्यात आमच्या बौद्ध वस्तीत एक दिवस येणार होत्या. त्या आपल्या गावी शाळेतल्या मुलांना घरोघरी नेऊन गल्लीत काय काय शिजतं ते दाखवत. इथं आमच्या मुलांनी त्यांना तसंच फिरवावं, एवढीच त्यांची इच्छा होती. आखणी माझ्याकडे आली. पहिल्या घरी ज्वारीच्या कण्या, दुसऱ्या घरी अंबाडीची भाजी, तिसऱ्या घरी ठेचा-भाकरी. शेवटी आमच्याकडे सासूबाईंच्या चान्या, म्हणजे मीठ-हळद लावून दोरीवर वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. त्या माझा मुलगा दाखवणार होता.

आदल्या दिवशी वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष आले. आमच्यातलेच, शिकलेले. सगळीकडे शिरा-पुरी करा आणि त्या दोऱ्या उतरवा, असं बजावून गेले. मेलेलं ढोर आम्ही धर्मांतराबरोबर सोडलं होतं. सासूबाईंनी तर सगळ्यांत आधी. हे मांस बाजारातून विकत आणलेलं होतं आणि अध्यक्षांना ते ठाऊक होतं. तरी त्यांचं एकच पालुपद: "पाहुणी काय म्हणेल, वहिनी?"

सासूबाईंनी दोऱ्या उतरवल्या. चान्या पत्र्याच्या डब्यात भरल्या, डबा फळीवर मागं सारला आणि न जेवता निजल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंबरोबर दुभाष्या होता आणि अध्यक्षही. बाईंना तिन्ही घरी शिराच मिळाला. मुलं मुकाट मागं चालत होती. दाखवायला काही उरलंच नव्हतं. आमच्याकडे बसल्यावर बाईंनी पिशवीतून कागदी पुडी काढली. त्यांच्या गल्लीतला खाऊ, असं दुभाष्यानं सांगितलं. आत बोटभर लांबीचे वाळवलेले मासे होते. मुलांनी वास घेतला आणि सगळी हसली.

"सुकट हाय की ही," माझा मुलगा म्हणाला. मग अध्यक्षांकडं वळला. "काका, यांनी यांची सुकट विमानातून आणली. मंग आजीनं चान्या कामून लपवल्या?"

हे बाईंना सांगू का, असं दुभाष्यानं विचारलं. अध्यक्ष नको म्हणाले. मी सांगा म्हणाले.

ते ऐकून बाईंनी सासूबाईंकडे पाहून हात पुढं केला. सासूबाईंनी डबा काढला, चुलीवर तवा ठेवला. मुलांना कंठ फुटला: ऊन किती द्यायचं, कावळे कसे हाकायचे. बाईंनी एक चानी खाल्ली, दुसरी मागून घेतली.

वास सुटला तसे अध्यक्षही पुढं सरकले.

"एखादी इकडं येऊ द्या, वहिनी."

मी त्यांच्यापुढं शिऱ्याची ताटली सरकवली.